घरातला गोंगाट

मराठी घरात कोणते सूर वाजावेत यासंबंधी एक अलिखित कायदा आहे. तो कोणी केला हे सांगता यावयाचे नाही, परंतु त्याची कलमे सर्वांना पाठ आहेत. पहाटे भीमसेनांचे अभंग चालतील. दिवाळीच्या पहाटे तर अख्खा वाद्यवृंद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उशाशी वाजला तरी चालेल, कारण तो 'संस्कार' असतो. दुपारी नाट्यपदे, संध्याकाळी भावगीते, पाहुणे आले तर गीतरामायण. गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत जे वाजते त्याला हा कायदा लागू नाही. तेव्हा खिडक्यांची तावदाने हादरली तरी तो उत्साह. मात्र एखाद्या रविवारी सकाळी आपल्याच खोलीत, आपल्याच यंत्रावर, आवाज बेताचा ठेवून कोणी १९८३ सालची इंग्रजी तबकडी लावली, की जिन्यात पावले थबकतात आणि दारातून प्रश्न येतो, "मास्तर, हा काय गोंगाट लावलाय?"

मास्तर म्हणजे मी. आणि गोंगाट म्हणजे माझ्या काकांनी मागे ठेवलेल्या तबकड्या आणि कॅसेटी, ज्या मी गेले वर्षभर एकेक करून पुन्हा ऐकतो आहे. ओझरच्या विमान कारखान्यात काकांची नोकरी होती. तेथे बंगळूरचे, कलकत्त्याचे, गोव्याचे, केरळचे लोक एकाच वसाहतीत राहावयाचे, आणि एकाच्या घरची कॅसेट दुसऱ्याच्या घरी जाऊन तिची प्रत निघावयाची. तबकड्यांचा दुसरा झरा देवळाली कॅम्पचा. फौजेतल्या एखाद्या साहेबाची बदली झाली की त्याचे जड सामान विक्रीला निघे. कोणी कपाट उचली, कोणी सायकल, आणि काका तबकड्या उचलीत. नाशकासारख्या देवळांच्या आणि द्राक्षांच्या गावी हे संगीत कोठून आले असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते आकाशातून पडले नाही. ते कारखान्यातून आणि छावणीतून आले, म्हणजे याच गावच्या माणसांच्या हातून आले.

यंदाच्या उन्हाळ्यात एका विद्वान गृहस्थांचे भाषण ऐकण्याचा योग आला. विषय मराठी संस्कृतीवरील आक्रमणांचा होता. बोलता बोलता ते ऐंशीच्या दशकातल्या पाश्चात्य संगीतावर घसरले. ते संगीत आपले नव्हे, त्याचे शब्द आपल्याला कळत नाहीत, आणि खरे म्हणजे ते संगीतच नव्हे, यंत्रांची खटखट आहे, असा त्यांचा निवाडा. टाळ्या पडल्या. सभेत उलट बोलण्याचा आमच्याकडे रिवाज नाही, म्हणून येथे बोलतो.

शब्द कळत नाहीत, हा आरोप प्रथम घेतो, कारण तो माझ्यासारख्यालाच नेमका लागू पडतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इंग्रजी मी वाचू शकतो, परंतु न्यूकॅसलकडचा मनुष्य ती दातांत धरून गाऊ लागला की निम्मे शब्द निसटतात. बरे, मग? भीमसेन जोशी पुरंदरदासांची कानडी पदे गात तेव्हा पुण्या-मुंबईच्या सभागृहांत माना डोलत होत्या. त्यांतल्या किती मानांना कानडी येत होते? ख्यालातल्या बंदिशीची ब्रजभाषा कितीजणांना उलगडते? गझलेतला फारसी शब्द अडला म्हणून मैफल सोडून घरी गेलेला रसिक मी अजून पाहिलेला नाही. शब्द न कळता सूर कळतो, हे आम्ही आमच्या अभिजात संगीताबद्दल अभिमानाने सांगतो, आणि तीच गोष्ट एखाद्या इंग्रज पोराच्या बाबतीत घडली की तिला नक्कल म्हणतो. हे दोन मापांनी धान्य मोजणे झाले.

आता 'आपले नव्हे' याकडे वळू. ज्या पेटीवाचून मराठी घरात भजन उभे राहत नाही, ती पेटी मूळची फ्रान्सची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये ती घडली, पुढे कलकत्त्यात तिला हाताचा भाता लागला, आणि मराठी रंगभूमीने तिला अशी कवटाळली की ती आज तुकोबांच्या काळापासूनची वाटते. हीच पेटी १९४० साली आकाशवाणीने आपल्या केंद्रांतून हद्दपार केली होती. कारणे काय? परकी आहे, तिचे सूर भारतीय श्रुतींशी जुळत नाहीत, यंत्रवत आहे. ती बंदी तीस वर्षे टिकली. आमच्या वक्त्यांचे युक्तिवाद पाहिले तर शब्दाशब्दाने तेच; फरक इतकाच, की बोलण्यापूर्वी झालेल्या ईशस्तवनाला साथ पेटीचीच होती.

परकेपणाची रेषा कोठे काढावी हेही या मंडळींनी एकदा सांगून टाकावे. 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला; पियानो तेथे शिकला, शाळकरी मित्रांना घेऊन पहिला वाद्यवृंद त्याने तेथेच काढला. १९८५च्या जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर ज्या गळ्याने हजारोंचा समुदाय मुठीत धरला तो गळा आमच्या सह्याद्रीच्या हवेत फुटला आहे. पाचगणीची स्ट्रॉबेरी आमची, टेबललँड आमचे. हा मात्र परका!

काकांच्या पेटाऱ्यात या मंडळींची १९८० सालची 'द गेम' आहे, कलकत्त्याच्या ग्रामोफोन कंपनीने भारतात काढलेली. सत्तरीच्या दशकात आपल्या तबकड्यांच्या वेष्टनावर ते लोक 'यात सिंथेसायझर नाही' असे सोवळेपणाने छापीत असत. या तबकडीत त्यांनी ते सोवळे सोडले, आणि पहिल्याच गाण्याच्या आरंभी ते नवे यंत्र भोवऱ्यासारखे घुमते. सोवळे सर्वत्र असते, आणि सर्वत्र ते गाणाराच सोडतो, ऐकणारा मागून कुरकुरतो.

यंत्रांची खटखट, हा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. त्यात तथ्य आहे. १९८० साली निघालेल्या पीटर गॅब्रिएलच्या तबकडीचे काम लंडनच्या टाउनहाउस ध्वनिमुद्रणगृहात चालू असता फिल कॉलिन्स ड्रम वाजवीत होता, आणि वादकांशी बोलण्यासाठी टांगलेल्या साध्या मायक्रोफोनमधून तो आवाज आत आला. त्या मायक्रोफोनच्या मागे आवाज दाबून धरणारे यंत्र जोडलेले होते. त्यामुळे ठोका डोंगराएवढा मोठा होई आणि त्याचा घुमारा मात्र सुरीने कापल्यासारखा तुटे. तंत्रज्ञांनी तो प्रकार जाणूनबुजून धरून ठेवला. त्या तबकडीवर आणि पुढल्या वर्षी कॉलिन्सच्या स्वतःच्या तबकडीवर तो ठोका ऐकताना आजही छातीत काही हलते. परंतु पुढे पाचसहा वर्षे जो उठला त्याने तोच ठोका लावला. प्रेमगीताला तोच, विरहगीताला तोच, शीतपेयाच्या जाहिरातीलाही तोच. १९८६-८७च्या काकांच्या कित्येक कॅसेटी मी दोन गाण्यांनंतर बंद केल्या. जणू कोणी शेजारी बसून पत्र्याच्या कोठीवर बडवीत होते. आमच्या भावगीतांतही सतार आणि बासरीचे ठरावीक तुकडे असेच झिजलेले नाहीत काय? परंतु त्यावरून कोणी संपूर्ण भावगीत भंगारात काढीत नाही. वाईट निवडून टाकावे आणि चांगले ठेवावे, यालाच तर ऐकणे म्हणतात.

आणि जे चांगले आहे ते फार चांगले आहे. 'टॉकिंग हेड्स' या न्यूयॉर्कच्या मंडळींची १९८० सालची 'रिमेन इन लाइट' घ्या. पहिल्या बाजूला तीनच गाणी. नायजेरियाच्या फेला कुटीचे संगीत ऐकून यांचे डोके फिरले होते. त्यामुळे पाश्चात्य गाण्यात ज्या स्वरसंगती दर दोनचार पावलांवर बदलत जातात, त्या येथे बदलतच नाहीत. एकच आधार धरलेला, त्याखाली ठेका अखंड, आणि त्यावर एकामागून एक आवाज चढत जातात. युरोपीय कानाला हे नवे होते. मला ते पहिल्यांदा समजून ऐकले तेव्हा वारीतल्या दिंडीची आठवण झाली. पखवाज आणि टाळ एकदा धरले की धरले. चाल तीच, आणि चढत जाते ती माणसांची एकतानता. तानपुऱ्याच्या एका षड्जावर ज्यांचे कान तयार झाले त्या आम्हांला ही तबकडी बीटल्सपेक्षा सोपी जावयास हवी. परंतु बीटल्स ऋषिकेशला येऊन गेले, त्यांनी रविशंकरांचे शिष्यत्व सांगितले, म्हणून ते आम्हांला मान्य. ज्यांनी आमचे नाव न घेता आमच्या जवळचे काही केले त्यांच्याकडे आम्ही वळूनही पाहिले नाही.

'पोलिस' या त्रिकुटावर माझा लोभ आहे, आणि त्याचे एक कारण धंद्यातले आहे. त्यांचा गायक स्टिंग हा इंग्लंडच्या उत्तरेकडे प्राथमिक शाळेत मास्तर होता. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातल्या अवघड जवळिकीवर त्याने १९८० साली गाणे केले. त्यातली घुसमट ज्याने फळ्यासमोर उभे राहून वर्षे काढली आहेत त्याला समजते. हे तिघे १९८०च्या मार्चमध्ये मुंबईत येऊन गाऊन गेले. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने होमी भाभा सभागृहात तो जलसा लावला होता. १९८३च्या 'सिंक्रोनिसिटी'च्या वेळी त्यांचे आपापसांत इतके फाटले होते, की कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्सेराट बेटावर त्यांनी ती तबकडी तीन निरनिराळ्या खोल्यांत बसून केली. ड्रमवाला जेवणघरात, गिटारवाला मुद्रणगृहात, गायक यंत्रे असलेल्या खोलीत. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे चित्र अपरिचित नाही. चूल एक, माणसे तीन कोपऱ्यांत, आणि तरी बाहेर जाणारा आवाज एकच. त्यानंतर त्यांनी नवी तबकडी केली नाही.

आता मुख्य गोष्ट. हा वाद केवळ माझ्या रविवारच्या करमणुकीचा असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडविली नसती. 'परके' म्हणून आम्ही जे दाराबाहेर ठेवले त्यात आमचीच माणसे होती, ही माझी तक्रार आहे.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या एका वादकाने एक तबकडी केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारा हा मनुष्य. त्याच्याजवळ रोलँड या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे होती. त्यांतले टीबी-३०३ नावाचे यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून निघालेले, बाजारात आपटलेले, आणि १९८४पर्यंत बंदही पडलेले. सिंगांनी त्यावर ललत, भूपाली, यमन, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसविले. तबकडी खपली नाही. रागदारीवाल्यांनी ती डिस्को म्हणून सोडली, डिस्कोवाल्यांनी राग म्हणून. पुढे शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी तेच यंत्र जुन्या बाजारातून उचलले आणि १९८७ साली त्यातून जे संगीत काढले त्याने युरोप वेडा झाला. मग २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाने सिंगांची तबकडी पुन्हा काढली, आणि जगभरचे लोक चकित होऊन विचारू लागले, की हे तर मुंबईत पाच वर्षे आधी झाले होते! सत्तरीच्या घरातले सिंग मग युरोपात वाजवून आले. २०१५ साली ते वारले. मुंबईपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या मला त्यांचे नाव हॉलंडमार्गे कळावे, यात दोष कोणाच्या कानांचा?

नंदू भेंडे तर मराठीच. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाला, आणि १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, त्याने मराठी रंगमंचावर रॉकचा गळा लावला. एकाच नाटकात नाट्यपद, लावणी आणि रॉक मांडीला मांडी लावून बसली. दार उघडे होते. त्यातून आत कोण आले? आम्ही नाटकाचे कौतुक केले, त्याला 'प्रयोग' म्हटले (मराठीत एखाद्या गोष्टीला पुन्हा करू नये असे सुचवावयाचे असले की तिला प्रयोग म्हणतात) आणि भावगीतांच्या ओसरीवर परत येऊन बसलो. २०१४ साली भेंडे गेले. मराठी रॉक म्हणून ज्याचे बोट धरावे असा मनुष्य आमच्याजवळ होता, आणि आम्ही त्याला इंग्रजी वळणाचा ठरविला.

गोव्याच्या शिवोलीत रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' घरातच ध्वनिमुद्रित केली. चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर वाद्ये त्यांची, आवाज त्यांचा, आणि तयार झालेल्या कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचविणारेही तेच. मोठ्या कंपनीची पायरी न चढता घरात बसून आपल्या गावाबद्दल गाता येते, हे त्यांनी दाखविले. आमच्याकडे घराघरांतून टेपरेकॉर्डर होते. त्यांवर आम्ही मुलांचे पाढे आणि आजीची आरती मुद्रित केली.

आणि 'गोंगाट' हा शब्द! तो फक्त इंग्रजी तबकड्यांसाठी राखून ठेवलेला नाही. ज्या वर्षांत काका देवळालीहून तबकड्या आणीत होते त्याच वर्षांत स्वस्त कॅसेटीने आणखी एक दार फोडले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, मग आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज चहाच्या टपरीवर, ट्रकमध्ये, वस्त्यावस्त्यांतून घुमू लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी, जी त्यांनी पायी फिरून गावोगाव नेली होती, ती आता यंत्रातून वाजू लागली. तेव्हा आमच्या आळीत त्यांना कोणता शब्द होता? हाच. गोंगाट. खिडक्या लावून घेतल्या जात, हे मी लहानपणी पाहिले आहे. ज्या गावात १९३० साली काळारामाच्या दारासाठी माणसांना वर्षानुवर्षे सत्याग्रह करावा लागला त्या गावाने तरी दार लावून घेण्याच्या या सवयीकडे जरा संशयाने पाहावयास हवे. काकांच्या पेटाऱ्यात वामनदादांच्या गीतांची कॅसेट आणि 'टॉकिंग हेड्स' शेजारी शेजारी आहेत. काकांनी ती मुद्दाम तशी लावली नसावीत. दोन्ही घरच्या मोठ्या माणसांना खपत नसत, म्हणून ती एकाच जागी लपविली गेली, इतकेच.

या वादात मला नको असलेले मित्रही मिळाले आहेत, त्यांचीही वासलात लावतो. हल्ली गंगापूर रोडला आणि कॉलेज रोडला काही सुखवस्तू दिवाणखान्यांत तबकड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. तीन-चार हजार रुपये देऊन परदेशातून मागविलेली नवी प्रत, शेजारी पितळी दिवा, वर मंद प्रकाश. एका घरी मी उत्साहाने एक उचलून पाहिली. तिच्यावरचा पारदर्शक कागदही निघालेला नव्हता. हे गृहस्थ ऐकतात मोबाइलवर, एक गाणे अर्धे, दुसरे पाव. 'सर्व काही फोनमध्ये आहे' असे ते मला सांगतात. आहे, मान्य. रामकुंडावर पाणीही सर्वांसाठी आहे, म्हणून कोणी घरात हंडा ठेवावयाचा राहत नाही. तबकडीला दोन बाजू असतात. कोणते गाणे कोणाच्या मागून यावे याचा कोणी विचार केलेला असतो, आणि वीस-बावीस मिनिटांनी आपल्याला उठून ती उलटावी लागते. 'डायर स्ट्रेट्स'ची १९८५ सालची 'ब्रदर्स इन आर्म्स' दोन बाजूंत मावेना म्हणून तबकडीवर तिची काही गाणी कातरली गेली. कॅसेटवर ती पूर्ण आहेत. म्हणजे काकांची पंचवीस-तीस रुपयांची कॅसेट या बाबतीत दिवाणखान्यातल्या जुन्या तबकडीहून श्रीमंत. हे ऐकल्यावर ते गृहस्थ कॅसेट कोठे मिळेल असे विचारू लागले. मी सांगितले नाही.

नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक मागितले तर काढून देणारी माणसे तेथे मिळतात. परंतु चाळीस वर्षांपूर्वी या गावात लोक काय ऐकत होते याचा पुरावा कोठे आहे? घराघरांच्या माळ्यांवर. आणि आता दिवाळीची साफसफाई सुरू होईल, माळे रिकामे होतील, आणि भंगारवाला कॅसेटी किलोने नेईल; प्लॅस्टिकचा भाव, फीत फुकट. त्यांत इंग्रजी असतील, कव्वाल्या असतील, भीमगीते असतील, कोणी स्वतः गाऊन भरलेले काही असेल. हॉलंडचा मनुष्य प्रत्येक वेळी येईलच असे नाही.

तेव्हा माळ्यावरचे खोके उतरविले असेल तर देण्यापूर्वी एकदा उघडा. पावसाळ्याने फितीवर पांढरी बुरशी धरली असेल. तशी फीत यंत्रात घालू नका, यंत्रही जाईल, ती आधी जाणकाराकडून पुसून घ्या. फीत सैल झाली असेल तर जुनी युक्ती अजून चालते, षटकोनी पेन्सिल भोकात घालून फिरवा. तबकडी असेल तर वेष्टन फाटले म्हणून ती टाकू नका, आणि ती आडवी रचू नका, उभी ठेवा. जे नकोच असेल ते माझ्याकडे आणून द्या. घर पंचवटीच्या बाजूला आहे. रविवारी सकाळी जिन्यात उभे राहिलात तर आवाजावरून सापडेल.